होतं आणि दिसलं

ताजा मेंदू नीट कापता येत नाही. कच्च्या राहिलेल्या खरवसासारखा सुरीखाली लिबलिबतो. म्हणून बुडाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मालिनच्या बादलीत दोन-तीन आठवडे उलटा टांगायचा. तळाला टेकला तर तेवढा भाग चपटा होतो. मग लांब पात्याची सुरी, एका ओढीत एक काप. करवतीसारखी पुढेमागे केली की कापावर रेघोट्या उठतात आणि वरिष्ठांची बोलणी खावी लागतात.

मध्यमेंदूचा काप उलटताना माझा हात अजून थांबतो. तिथे भुवयांसारख्या दोन काळसर रेघा असतात. पार्किन्सनमध्ये त्या फिक्या पडतात.

नवीन असताना हृदयविकाराने गेलेल्या एका गृहस्थांचा मेंदू आला होता. रेघा किंचित फिकट. स्लाइडवर काही पेशींत गुलाबी गोळे, भोवती फिकट कडं. लुई बॉडी! केसपेपर न उघडताच मी ‘पार्किन्सनचा रुग्ण’ असं ठोकून दिलं. त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. “अहो मॅडम, शेवटच्या आठवड्यापर्यंत हा माणूस मनगटी घड्याळं दुरुस्त करत होता.”

त्या रेघांमधल्या निम्म्याच्या आसपास पेशी जाईपर्यंत हात थरथरत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते. लिहिणं वेगळं.

अल्झायमरचंही तसंच. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ जोगिणींनी मरणोत्तर मेंदू देऊ केले. त्यांतल्या सिस्टर मेरी एकशे एकाव्या वर्षीही स्मृतिचाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या. मेंदूत मात्र अल्झायमरच्या गाठी आणि चकत्या भरपूर. अशा मेंदूंत ‘राखीव शिल्लक’ असते म्हणतात. शब्द छान आहे, पण बँकेचं पासबुक पाहिल्याशिवाय शिल्लक सांगण्यासारखं ते मला वाटतं.

रिपोर्ट इंग्रजीत जातो, वाक्य मात्र माझ्या मनात मराठीत जुळतं. डॉक्टरांचा फोन आला त्या दिवशी ‘त्यांना पार्किन्सन होता’ खोडलं, ‘मेंदूत लुई बॉडी दिसल्या’ लिहिलं.

कागद न्यायला त्या गृहस्थांचा मुलगा आला. मेंदूत काही सापडलं का, म्हणाला. “काही खुणा दिसल्या. त्यांचा त्रास बाबांना झालेला नव्हता.” त्याने मान हलवली. वॉर्डात काढून ठेवलेलं बाबांचं घड्याळ कुठल्या खिडकीवर मिळेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.