पॅकेज कुणाच्या हातचं?

लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायला आज वाटा भरपूर आहेत. डेबियन-उबुंटूचं एपीटी, फेडोराचं डीएनएफ, आर्चचं पॅकमन, शिवाय स्नॅप आणि फ्लॅटपॅक. नवी मुलं विचारतात, यातलं झटपट कोणतं? सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला तो प्रश्न फार पुढचा. पॅकेज बांधलं कुणी, आणि उद्या त्यात भोक सापडलं तर बुजवणार कोण, हे मी आधी बघतो.

डेबियनमध्ये पॅकेजागणिक सांभाळणाऱ्या माणसाचं किंवा गटाचं नाव लिहिलेलं असतं. 1999 साली डेबियन 2.1 बरोबर एपीटी आलं आणि एका पॅकेजापायी दहा पॅकेजं हाताने शोधण्याचा जाच संपला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती डेबियनच्या ‘स्टेबल’ या स्थिर शाखेची शिस्त. एकदा स्टेबल बाहेर पडलं की आतल्या आवृत्त्या सहसा हलत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती बहुधा त्या जुन्या आवृत्तीतच बसवून मिळते. लोक याला शिळं म्हणतात. म्हणोत.

मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला, 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर तिथवर पोचले. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि फेडोराच्या रॉहाइड या चाचणीच्या शाखांमध्ये शिरल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये मात्र नव्हत्या. त्या संथपणाबद्दल मला तेव्हापासून नुसती पसंती नाही, आदर आहे.

घरच्या लॅपटॉपवर मी इतका कडक नाही. चित्रांचं किंवा व्हिडिओचं ताजं सॉफ्टवेअर हवं तर फ्लॅटपॅक खुशाल घ्यावं. ते आपला रनटाइम वेगळा आणतं, डिस्क जास्त खातं, पण मूळ सिस्टिमला धक्का लावत नाही. परवानग्या तेवढ्या तपासाव्यात, कारण काही ॲप्स अख्खी होम डिरेक्टरी मागतात. स्नॅप मला सर्व्हरवर नको असतं. ते मुळात आपणहून अपडेट होतं, आणि अपडेटची वेळ मीच ठरवायला हवी. उबुंटू 22.04 पासून तर एपीटीकडे फायरफॉक्स मागितला तरी हाती स्नॅपच येतं. मागणाऱ्याला न विचारता वाट बदलणं मला पटत नाही.

पुढचं पॅकेज टाकण्याआधी ‘एपीटी पॉलिसी’ आणि पॅकेजाचं नाव एवढं टाइप करा. ते कुठल्या रिपॉझिटरीतून येणार, हे तिथे स्पष्ट दिसतं. ती ओळ वाचा, मगच इन्स्टॉल करा.