गुरुजी प्रशिक्षणाला गेले, शाळेत कोण?

पोलादपूर-महाडच्या कुठल्याही पत्रकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रेसनोट ठरलेली असते. 'मुख्याध्यापक व शिक्षकांची कार्यशाळा उत्साहात संपन्न.' सोबत फोटो. समई, बॅनर, पुढे मान्यवर, मागे खुर्च्यांवर पन्नास-साठ शिक्षक. मान्यवरांची नावं मानाच्या क्रमाने. शिकवलं काय ते शेवटच्या ओळीत, तेही असलं तर.

हा फोटो ज्या दिवशी निघतो त्या दिवशी डोंगरातल्या शाळेत काय चालू असतं, याची प्रेसनोट मात्र कुणी पाठवत नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, वाचा.

आधी साधा हिशोब. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. मुख्याध्यापकाचं वेगळं पद पट १५० च्या वर गेला तरच. आता पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर १५० पटाची जिल्हा परिषद शाळा शोधून दाखवा. पंधरा, बारा, आठ असे आकडे ऐकायची आपल्याला सवय झालीय. माणसं कामधंद्याला मुंबई-पुण्याला, पोरंही त्यांच्याबरोबर. म्हणजे 'शालेय नेतृत्व' म्हणून ज्याला कार्यशाळेला बोलावतात तो आपल्याकडे दोघांतलाच एक शिक्षक. प्रभारी मुख्याध्यापक. शाळेचं कुलूप तोच काढतो, पोषण आहाराचा तांदूळ तोच बघतो, यू-डायसची माहिती तोच भरतो, रेंज नसेल तर टेकाडावर जाऊन भरतो. आणि हे सगळं करून दोन-तीन वर्ग शिकवतो. बाकीचे वर्ग दुसऱ्या बाई किंवा गुरुजी.

यातला एक पाच दिवस तालुक्याला बसला की मागे राहिलेल्याकडे पहिली ते पाचवी सगळं. शिकवणं बाजूला राहतं, पोरं सांभाळणं होतं. दोघांनाही एकाच वेळी बोलावलं तर शेजारच्या शाळेतून कुणाला तरी कामगिरीवर पाठवतात, म्हणजे खड्डा या शाळेतून त्या शाळेत सरकतो. एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मी एका वाडीवर दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. शाळेत एकट्या बाई. एका भिंतीला पहिली-दुसरी, दुसऱ्या भिंतीला तिसरी-चौथी, पाचवीच्या दोन मुली पहिलीच्या पोरांची पाटी तपासत होत्या. मी विचारलं, सर कुठे? "ट्रेनिंगला." कसलं? बाई हसल्या. "अहो, आनंददायी शिक्षणाचं."

प्रशिक्षणच नको, असं माझं म्हणणं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, मुख्याध्यापकांसाठीही तेवढेच, आणि त्यात नेतृत्व-व्यवस्थापन वेगळं. कल्पना चांगली आहे. डॉक्टरने नवीन वाचायचं, वकिलाने वाचायचं, मग मास्तरने का नाही? २०१९ मध्ये केंद्राने 'निष्ठा' सुरू केलं, ४२ लाख शिक्षक-मुख्याध्यापकांचं लक्ष्य ठेवून. कोरोनात ते 'दीक्षा' वर गेलं. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात 'क्षमता वृद्धी २.०' झालं, नवा अभ्यासक्रम आराखडा, समग्र प्रगतिपत्रक वगैरे. २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं बदलली. हे शिक्षकांना कुणीतरी सांगायलाच हवं.

पण सांगण्याची रीत बघा. राज्यस्तरावर काही जण तयार होतात, ते जिल्ह्याच्या लोकांना सांगतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे आपल्या गुरुजींना. रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, पनवेलला. पोलादपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरेपर्यंत गढूळ होतं, तसं खाली पोचेपर्यंत पीपीटी तेवढी शिल्लक राहते. त्या पीपीटीतला वर्ग एका इयत्तेचा. तीस मुलं, एक शिक्षक, एक विषय. आपल्या वाडीवरच्या खोलीत तीन इयत्ता एकत्र बसतात. त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात शिक्षकाचं मुख्य काम तेच आहे. ज्यांच्याशी मी बोललो त्या शिक्षकांच्या मते प्रशिक्षणात ते एखाद्या तासापुरतं येतं, तेही जेवणानंतर.

शिक्षकांचीही बाजू सगळी धुतल्या तांदळाची नाही. वरिष्ठ श्रेणी १२ वर्षांनी, निवड श्रेणी २४ वर्षांनी, त्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा हजेरीला कुणी चुकत नाही. एरवी सही करून चहानंतर गायब होणारेही मी बघितलेत. पण सही मारून पळावंसं का वाटतं, हेही विचारा ना. वीस वर्षं डोंगरात शिकवलेल्या माणसाला कधी कुणी विचारलंय का, तुम्हाला काय शिकायचंय?

एकदा विचारलं होतं. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' चा शासन निर्णय आठवा. त्या काळात राज्यभरचे शिक्षक गाड्या करून साताऱ्याच्या कुमठे बीटला जायचे. आपल्याकडून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, पुढे सातारा. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटातल्या चाळीसेक जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर काम उभं केलं होतं. जमिनीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, पहिलीतली पोरं वाचतायत. बघायला जाणाऱ्यांसमोर बॅनर नव्हता, शाळा चालू होती. आपल्यासारखाच पगार, आपल्यासारखीच इमारत, आणि तरीही हे होतंय, हे शिक्षकाने शिक्षकाकडून बघितलं. नंतर बऱ्याच ठिकाणी फक्त फरशा रंगल्या, वाचन आलं नाही, हेही खरं. पण चालू वर्गात बसून शिकायची ती पद्धत मला आजही पटते.

तशी सोय आपल्याकडे कागदावर आहेच. केंद्रशाळेची शिक्षण परिषद. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख. ही पदं १९९४ पासून आहेत, राज्यात ४,८६० मंजूर. परिषदेत शेजारच्या शाळेतल्या बाईंनी एक पाठ घेऊन दाखवायचा, बाकीच्यांनी चर्चा करायची. जिथे केंद्रप्रमुख जागेवर असतो आणि त्याला शिकवण्यात रस असतो, तिथे हे छान चालतं. जिथे एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असतो तिथे परिषद म्हणजे सूचना, लिंक आणि 'आजच्या आज माहिती भरा'.

आणि आपल्या भागाचं म्हणून काही शिकवायचं की नाही? २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं. त्याच दिवसांत पोलादपूरमध्येही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली होतं. शाळा तेव्हा ऑनलाइन होत्या. आता भर आषाढात शाळा भरलेली असताना ओढ्याला पाणी चढलं, वरून सुट्टीचा मेसेज आला नाही किंवा रेंजच नाही, तर पोरं सोडायची की थांबवायची? हा निर्णय तो प्रभारी मुख्याध्यापक एकटा घेतो. आपल्याकडचं शालेय नेतृत्व म्हणजे हे. यावर एक दिवस द्या. तहसीलच्या आपत्ती कक्षातला माणूस बोलवा, गावातला पाण्याचा जाणकार म्हातारा बोलवा. मग पुढे बाकीच्या स्लाइड दाखवा.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे मागणी अवघड नाही. दोन शिक्षकी शाळेतला शिक्षक बोलावताना बदली माणूस आधी ठरवा, आदेशात त्याचं नाव टाका. बहुवर्ग अध्यापन पहिल्या दिवशी, सकाळच्या सत्रात घ्या. आणि पाचातला एक दिवस तरी मंगल कार्यालयात किंवा सभागृहात नको, एखाद्या चालू वाडीशाळेत घ्या. वीस शिक्षक मावतील, वीसच बोलवा. फोटो लहान येईल, चालेल.

गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पुढच्या प्रशिक्षणाच्या आठवड्यात एक चक्कर शाळेत मारा. किती वर्ग, किती शिक्षक, कोण शिकवतंय, तारखेसह वहीत लिहा आणि मला पाठवा. शिक्षकांनीही इनबॉक्समध्ये लिहिलं तरी चालेल. नाव येणार नाही.