दोन फाशांचा हात

नियमांच्या बाबतीत मी फार कडक होतो. माइक पॉन्डस्मिथ या अमेरिकी लेखकाचा ‘सायबरपंक’ हा खेळ १९८८ साली आला आणि १९९० मध्ये त्याची ‘सायबरपंक २०२०’ ही दुसरी आवृत्ती. तिची झेरॉक्स मला पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर मिळाली. नोकरीसाठी अंबाजोगाईला परतलो तेव्हा ती पोथीसारखी जपून आणली आणि सुट्टीत गावी येणारी पोरं जमवून खेळ चालवायला लागलो. आमच्याकडे तो चालवणारा मी एकटाच. त्यामुळे माझं चुकतंय हे सांगणारंही कोणी नव्हतं.

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, बाकीचं सगळं जग गेममास्टर चालवतो. भविष्यातलं शहर, कंपन्यांचं राज्य आणि अंगात यंत्रं बसवून घेणारी माणसं. प्रत्येक पात्राला ह्युमॅनिटीचे गुण असतात. यंत्राचा हात किंवा डोळा बसवला की फासे टाकायचे, पडेल तेवढी ह्युमॅनिटी वजा. दहा गुण गेले की एम्पथी, म्हणजे दुसऱ्याचं मन कळण्याची पात्राची ताकद, एकाने उतरते. ती शून्यावर आली की सायबरसायकोसिस: पात्राला वेड लागतं आणि खेळाडूच्या हातातला पात्राचा कागद गेममास्टरकडे जातो.

मला हा नियम भारी वाटायचा. काहीतरी अडसर हवाच, नाहीतर पहिल्याच दिवशी जो तो नखशिखांत लोखंडी होऊन बसेल. पण अडसर म्हणून वेडच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

एका उन्हाळ्यात धारूरकडचा एक पोरगा खेळायला आला. लहानपणी कडबाकुट्टीत त्याचा डावा हात कोपराखाली गेला होता. शिबिरात मिळालेला कृत्रिम हात तो फुल बाहीच्या शर्टात घालायचा. त्याला बोटं होती, पण ती हलत नसत. पात्रही त्याने तसंच घेतलं, एक हात यंत्राचा असलेला मेकॅनिक. मी म्हणालो, “टाक दोन फासे.” नऊ पडले. मी खोडरबर घेऊन त्याच्या कागदावरचा आकडा बदलला.

“सर, हा बसवला तवा माझे किती गेले असतील?” त्याने विचारलं.

सगळे हसले, तोही हसला. मी गप्प बसायला हवं होतं. मी पान काढून नियम वाचून दाखवला. वर समजावलंही, की अंगात यंत्र आलं की माणूस माणसांपासून तुटत जातो, असं लेखकाला म्हणायचं आहे. तो ऐकून घेत होता.

पुढे त्याच्या पात्राने कर्ज काढून यंत्राचे डोळे बसवले, मग आणखी काय काय, कारण मी दिलेली कामं त्याशिवाय होणारच नव्हती. एम्पथी संपली तेव्हा मी त्याचा कागद काढून घेतला आणि त्याच्या मेकॅनिकला भर बाजारात साथीदारांवर गोळ्या झाडायला लावल्या. चांगलं रंगवलं होतं मी ते. पोरगा परत आला नाही. आता पुण्यात तो स्वतः खेळ चालवतो असं कळतं. कोणत्या नियमाने, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आमच्यात होती. तिने मला नंतर, जरा चिडूनच, सांगितलं: हात तुटलेल्या माणसाला नैराश्य येतं ते हात गेला म्हणून, काम सुटलं म्हणून, नसलेली बोटं रात्रभर दुखतात म्हणून. कृत्रिम हात ही त्यातून सावरायची वस्तू. तुम्ही औषधालाच रोग म्हणताय. पार्किन्सनसाठी मेंदूत बसवलेल्या तारांनी काही रुग्णांचा स्वभाव उतावळा होतो, हेही तिनेच सांगितलं. पण तो त्या तारेच्या जागेचा परिणाम, यंत्र नावाच्या गोष्टीचा नव्हे.

२०२० साली आलेल्या ‘सायबरपंक रेड’ या पुढच्या आवृत्तीत पॉन्डस्मिथनेच नियम सैल केल्याचं मी फार उशिरा वाचलं. गेलेल्या अवयवाच्या जागी बसवलेल्या साध्या अवयवाला तिथे ह्युमॅनिटी मोजावी लागत नाही. मी ज्या पोथीपायी पोरगा घालवला ती लेखकाने केव्हाच दुरुस्त केली होती.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. नियमच काढून टाकला आणि खेळ मिळमिळीत झाला. धग कुठून आणावी म्हणून मी आपल्याच जिल्ह्याकडे वळलो, आणि ही चूक पहिलीपेक्षा मोठी. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी त्यावर कथानक रचलं: पाळीमुळे खाडे पडू नयेत म्हणून कामगार बायकांची शरीरं कापणारी कंपनी आणि तिचा दुष्ट डॉक्टर. टेबलाशी एक पोरगा होता, त्याचे आईवडील दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्याने शांतपणे माझी दुरुस्ती केली. आईला कुणी पकडून नेलं नव्हतं. कॅन्सर होईल अशी भीती घातली होती, आणि ऑपरेशनचे पैसे तिने स्वतः मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन भरले. फेडायला पुढचा हंगाम. “दुष्ट डॉक्टर काढून टाका सर, कथा खरी वाटंल,” तो म्हणाला, आणि पुढची चाल खेळला. त्याच्या आईचं ऑपरेशन मी रविवारची करमणूक म्हणून मांडलं होतं आणि त्यातही तपशील चुकवले होते.

ते कथानक मी फाडलं. मुकादम आणि उचल मात्र खेळात राहिली, त्या पोराला विचारून. आता आमच्या खेळात यंत्र उधारीवर मिळतं, हप्ता थकला की बंद पडतं, कंपनी बुडाली तरी बंद पडतं. हे सगळंच कल्पनेतलं नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीने ‘आर्गस २’ या कृत्रिम दृष्टीच्या यंत्राचं काम २०१९ मध्ये थांबवलं, तेव्हा जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत ते बसवलेलं होतं.

मी आता कर्जाच्या आकड्यावरून वेडाचे फासे टाकायला लावू लागलो, तर वैद्यकीयची ती मुलगी पुन्हा चिडली. म्हणाली, “कर्जात बुडालेला माणूस गोळ्या झाडत सुटतो, हे तरी कुठं पाहिलंत?” ते फासेही मी बंद केले. पात्र खचलं की काय करेल, हे खेळाडूच ठरवतो. कागद त्याच्याकडेच राहतो.