पंप धुऊन, फोन विचारून

धाराशिव जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन फवारणीला आलं की बॅटरीवरच्या पंपाला पाय फुटतात. 16 ते 20 लिटरची टाकी, आत 12 व्होल्टची बॅटरी, पाठीला अडकवायचे दोन पट्टे. मोटारसायकलला मागे बांधला की भूमचा पंप परंड्याच्या सोयऱ्यांकडे तासाभरात पोचतो. पावसाची उघडीप चार दिवसांची, त्यामुळे पंप सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो. आणि व्याह्यांनी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? पण देताना जोखीम असते. उसात किंवा ज्वारीत 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता परत आला, तर टाकीत आणि नळीत राहिलेल्या अंशानेही सोयाबीन-तुरीची पानं आकसतात, शेंडे वाकडे होतात. म्हणून जाणती माणसं पंप देतानाच विचारतात, काय मारणार आहात? घेणाराही तो साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, बॅटरी चार्ज करून परत करतो. या विचारपुशीला कुणी कद्रूपणा म्हणत नाही. तिच्यामुळेच तर पुढच्या हंगामात पंप पुन्हा मागता येतो. सोयरिकीत पंपाला जी रीत आहे, ती सुनेच्या मोबाइलला नाही. आणि ती रीत नसताना ज्याला आपण घराचं मोठं मन म्हणतो, ते बहुतेक वेळा सुनेच्या जिवावर दाखवलेलं असतं, असं मला वाटतं.

लग्नात माहेरहून मुलीसोबत फोन येतो, किंवा पहिल्या वर्षात नवरा घेऊन देतो. मग तो घराचा होतो. नणंदेचा परीक्षेचा फॉर्म त्यावरून भरला जातो, धाकटा दीर रात्री त्यावर व्हिडिओ बघतो, सासरे शेतात जाऊन त्यावरूनच ई-पीक पाहणीचा फोटो काढतात. 2021 मध्ये सातबाऱ्यावरची पीकनोंद मोबाइलवरून करायची सोय झाल्यापासून घरातला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन हे शेतीचं अवजारच झालं आहे. यातलं एकेक काम रास्त आहे. अडचण अशी की पंप रिकामा दिला जातो, फोन मात्र भरलेला असतो. त्यात आईचे निरोप असतात, मैत्रिणींशी झालेलं बोलणं असतं, बचत गटाचा हिशेब असतो, बँकेचं खातं असतं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये तिच्या खात्यावर येतात. 2025 मध्ये त्यासाठी ई-केवायसी मागितली गेली, तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येत होता. त्या क्रमांकाचा फोन दिराच्या खिशात कळंबच्या बाजारात असेल, तर काही मिनिटांत बाद होणारा तो आकडा हिच्या काय कामाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे 54 टक्के निघाल्या. घरोघरी फोन दिसत असतानाचा हा आकडा आहे. घरात फोन असणं आणि तो बाईच्या हाती असणं यांतलं अंतर त्यात दिसतं.

याला आपल्याकडच्या देण्याघेण्याची दिशाही कारण आहे. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करतात, जावयाला कपडे, जमल्यास चांदीची वस्तू देतात. अलीकडे त्यात घड्याळ, मोबाइलही आले. प्रेमाने घातलेल्या त्या जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मुलीकडून मुलाकडे वस्तू जाणं ही रीत एकदा अंगवळणी पडली, की मुलीसोबत आलेली वस्तूही त्याच वाटेने आली असं सासर धरून चालतं. कायदा तसं धरत नाही. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं, की स्त्रीधन ही स्त्रीची पूर्ण मालकीची मालमत्ता आहे. ती सासरी राहायला आली म्हणून ते सामाईक होत नाही, सासरच्यांकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं. कुणी फोनसाठी कोर्टात जावं असं मी सुचवत नाही. मात्र जे न्यायालयाने दागिन्या-भांड्यांबद्दल म्हटलं, ते खिशात मावणाऱ्या यंत्रालाही लागू पडतं, एवढं तरी घराने मान्य करावं.

यावर म्हटलं जाईल, की एकत्र कुटुंबात माझं-तुझं आलं की घर फुटतं. मला उलट दिसतं. माझं-तुझं घरात असतंच. सासऱ्यांच्या फोनला कुणी न विचारता हात लावत नाही, दिराचं कुलूप कुणाला माहीत नसतं. सामाईक होतो तो सर्वांत धाकट्या मानाच्या माणसाचा फोन. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कोरडवाहू तीन एकरांच्या घरात चार फोन कुठून आणायचे? नाहीच आणता येत. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एका फोनवर दोन-तीन मुलांचे धडे चालले, आणि ते वाटून घेणंच शहाणपणाचं होतं. पण वस्तू जितकी कमी, तितकी वापराची रीत स्पष्ट हवी. पंप घराघरांत नसतात म्हणूनच तर त्याची रीत पडली. राहता राहिली सुनेच्या हाती फोन गेला की घर बिघडतं ही भीती. जे माणूस तुमच्या मुलांना वाढवतं, म्हाताऱ्यांची औषधं सांभाळतं, त्याच्यावर एवढा विश्वास टाकता येत नसेल, तर दोष फोनचा खासच नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. सिम तिच्या नावाचं असावं, पिन तिलाच ठाऊक असावा, आणि दुपारचा तिचा फुरसतीचा तास फोनसह तिचा असावा. घरात नवा फोन आला तर जुना तिच्याकडे सरकवण्याऐवजी कधी नवा तिला द्यावा. आणि सासऱ्यांनी, दिरांनी, नणंदांनी फोन उचलण्याआधी तिला विचारावं. ती "आत्ता नको" म्हणाली, तर त्या वेळी तो पुन्हा मागू नये.