रुमालांचा हिशेब

ज्या सिनेमाला जास्त रुमाल भिजले तो चांगला, असा आमच्या बेळगावच्या बायकांचा पूर्वी सरळ हिशेब होता. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. गल्लीतल्या दहा-बाराजणी मिळून दुपारच्या खेळाला गेलो. दुपारचाच, कारण दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवणं उरकायची असत. अलका कुबल पडद्यावर सोसत गेली आणि आम्ही खुर्चीत रडत गेलो. परतताना एक वयस्कर काकू मला म्हणाल्या, “बघितलंस न्हवं? बाईनं असं असावं.”

तिथं माझे डोळे एकदम कोरडे झाले. सोसणाऱ्या बाईची कणव येणं वेगळं, आणि तिच्यासारखं व्हावं असं नव्या सुनेला सांगणं वेगळं. विजय कोंडक्यांच्या त्या सिनेमाला मी नावं ठेवत नाही. घरात ज्यांना रडायला कोपरा नव्हता त्यांना अंधारात दोन-अडीच तास मिळाले, हेही थोडं नव्हे. पण सोसणं हाच बाईचा मोठा गुण, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

माझा आवडता सिनेमा जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’, १९८२चा. मी तो पुढं टीव्हीवर पाहिला. स्मिता पाटीलची सुलभा खाऊनपिऊन सुखी घरातली. नवरा वकील, शिवीगाळ नाही की मारझोड नाही. तरी शिकलेलं कामाला यावं म्हणून ती परगावी महिलाश्रमाची अधीक्षक होते. लहान लेक घरीच राहते. तिथल्या गैरकारभाराशी झगडून ती परत येते, तर नवऱ्यानं दुसरी बाई जवळ केलेली. सुलभा रडून-भेकून त्याचे पाय धरत नाही. पुन्हा घराबाहेर पडते. स्मिताचा तो न बोलणारा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या महिला मंडळात या सिनेमावरून चांगलीच जुंपली. “लेकरू टाकून गेली की हो!” हे बहुतेक सगळ्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव काढलं तर, “पुरुषाचं काय, चालायचंच.” मी विचारलं, “तोच वकील वर्षभर कामासाठी मुंबईला राहिला असता, तर त्यानं लेकरू टाकलं असं म्हटलं असतं का आपण?” कुणी बोललं नाही. तेवढ्यात चहा आला.

बरं, असल्या बाया सिनेमात आल्या त्या काल-परवा नव्हे. १९३७च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटेची नीरा म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न मानतच नाही. आमच्या आज्यांच्या काळातली ती गोष्ट! आणि २०१२चा गौरी शिंदेचा ‘इंग्लिश विंग्लिश’ सगळ्यांना गोड वाटला, कारण त्यातली शशी शेवटी घरी परतते. मलाही आवडला. लाडू करणाऱ्या बाईला घरच्यांनी हसावं, हे आमच्यातल्या कितीजणींनी सोसलंय. पण घरी परतणारीचंच तेवढं कौतुक करायचं, हे काही खरं नव्हे.

गेल्या वर्षी अक्काच्या लेकीला बढतीवर हुबळीला बदली मिळाली. मुलगा चार वर्षांचा. घरात सगळे बसले आणि मंडळातलीच वाक्यं माझ्या कानावर आली. “लेकराचं काय?” अक्काच आधी म्हणाली. जावईबापू खाली मान घालून गप्प. मी म्हटलं, “शाळा सुटल्यावर पोराला माझ्याकडं सोडा. संध्याकाळी बापानं येऊन न्यावं. त्याचाही तो मुलगाच आहे.”

भाची गेली. दर शनिवारी येते. पोरगं माझ्या स्वयंपाकघरात डबे वाजवत बसतं. अक्का मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.

पुढच्या महिन्यात मंडळात सिनेमा दाखवायची पाळी माझी आहे. मी ‘उंबरठा’च लावणार. अक्काला निरोप धाडलाय, भांडायला का होईना, पण ये.