दोन इंच

कीट्स आणि वर्ड्‌स्वर्थ शिकविण्यात ज्याची पंचवीस वर्षे गेली, त्याने पन्नाशी उलटल्यावर जीपगाडीखाली उताणे पडून गंजलेले बोल्ट सोडवावेत, हे दृश्य कोणास फारसे शोभिवंत वाटणार नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत मसुऱ्यातील आमच्या घरासमोरून जे जे गेले, ते सारे गडग्यापाशी थांबले आणि प्रत्येकाने जाताना एकेक सल्ला दिला. सल्ल्याच्या बाबतीत आमचा गाव कधीच कृपण नव्हता.

गाडी वडिलांची. १९९२ साली त्यांनी ती घेतली; महिंद्रांची 'एम. एम. ५४०'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर जी विलीज जीप जगभर फिरली, तिचे सुटे भाग आणून गाड्या जुळविण्याचे काम महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत सुरू केले. आमची गाडी त्याच कुळातली. पोटात मात्र फ्रेंच पेजो घराण्याचे डिझेल एंजिन. वडील गेल्यावर ती मांगराच्या सावलीत उभी राहू लागली. नोंदणीची मुदत मी वेळोवेळी वाढवून घेतो, त्यामागे उपयोगापेक्षा आईचा आग्रह अधिक आहे. वर्षातून एकदा, आंगणेवाडीच्या जत्रेस, आई याच गाडीतून जाते. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी. भराडी देवीच्या जत्रेचा दिवस पंचांगाने नव्हे, कौलाने ठरतो, आणि तो ठरल्याचे कळले की मुंबईस मला आईचा फोन येतो, "झिला, गाडी चलता मां?"

गेल्या पावसाने आमच्या पाणंदीतील माती पार धुऊन नेली. तिच्या मधोमध एका जांभ्या धोंड्याने डोके वर काढले, आणि गाडी वरून जाताना तो मागच्या आसाच्या मध्यावर असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्यास घासू लागला. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा येई. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या पुतण्याने तत्काळ निदान केले. "काका, गाडी उंच करू या. घरच्या घरी होईल." आता त्या वयात उपाय रोगाच्या आधी सुचतात, हे मी अध्यापक असून विसरलो. खरे सांगायचे तर मलाही मोह झाला होता. उंच गाडीचा एक रुबाब असतो.

या गाडीस पुढे-मागे पोलादी पाट्यांच्या कमानी आहेत. एकावर एक रचलेले, खालचे क्रमाने आखूड होत गेलेले ते पाटे मधोमध आसाला यू-बोल्टांनी आवळलेले असतात. पाट्याचे एक टोक सांगाड्याला खिळीने जखडलेले, आणि दुसरे शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला लटकलेले असते. कारण भार पडला की कमान पसरते आणि तिला लांब व्हायला जागा लागते. हा दुवा लांब केला की गाडी वर उचलली जाते. पुतण्याने मूळच्यापेक्षा चार इंच लांब दुवे करवून आणले.

खळ्यातील जमीन आम्ही चोपून घेतली. चाकांना मागे-पुढे धोंडे लावले. जॅकखाली जाड फळी घातली. सांगाडा चिऱ्यांवर टेकवावा असे पुतण्याचे मत होते. तेवढी एक गोष्ट मी ऐकली नाही. चिरा घराचे ओझे शंभर वर्षे सोसतो, कारण ते त्याच्यावर सर्वांगाने पडते. एका टोकाशी आलेल्या भाराने तो अवचित फुटतो, आणि त्या वेळी खाली मनुष्य असतो. म्हणून लोखंडी घोड्या भाड्याने आणल्या. जुने बोल्ट तेलात भिजवून रात्रभर ठेवले. नवे दुवे बसविल्यावर बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उतरवून, म्हणजे रबरी बुशांना पीळ पडत नाही. असा दोन दिवसांचा खटाटोप झाला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही टेप घेऊन उंची मोजली. ती दोनच इंच वाढली होती!

पुतण्याने पुन्हा मोजले. मग काटकीने मातीत आकृती काढली आणि स्वतःच हसू लागला. पाट्याचे एकच टोक चार इंच खाली गेले होते, दुसरे जागच्या जागीच होते. मधोमध असलेल्या आसाच्या वाट्यास निम्मे येणार, हे उघड होते. चार इंच देऊन दोन इंच मिळविण्याचा हा व्यवहार पुढेही तसाच चालला. गाडी रस्त्यावर काढली तर सुकाणूचे चाक वळणानंतर आपोआप सरळ होईना. सायकल सरळ राहते त्यात पुढच्या काट्याच्या तिरपेपणाचा वाटा असतो. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही तशीच एक तिरप दिलेली असते. आम्ही पाटा एका बाजूने खाली ओढला तेव्हा आस किंचित फिरला आणि ती तिरप बिघडली. ब्रेकच्या रबरी नळ्या तर ताणून तारेसारख्या झाल्या होत्या.

हे सारे सोसून आम्ही पाणंदीत शिरलो; आणि धोंडा पूर्वीसारखाच घासला.

पुतण्या खाली उतरला, वाकून पाहिले, आणि बराच वेळ काही बोलला नाही. पाट्यांवरचा सांगाडा वर गेला होता. पाट्यांना जखडलेला आस चाकांवर होता तिथेच होता. त्या गोळ्यास वर न्यायचे तर चाकेच मोठी हवीत. ज्याला धोंडा लागत होता तो भाग सोडून बाकीची सर्व गाडी आम्ही उचलली होती!

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आईला डॉक्टरकडे न्यायचे होते. तिने एका हाताने दाराची चौकट धरली, पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोहोचला नाही. पुन्हा उचलला. मी हात दिला तो तिने घेतला नाही. मग पाय खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "गाडी उंच केलस. आता माझे पाय कोण लांब करतलो?"

पुतण्या हसला, मला हसता आले नाही. वडील असताना ती या गाडीत कोणाच्याही आधाराशिवाय चढत असे, आणि गेल्या जत्रेपर्यंत तो तिचा नेम तसाच चालला होता. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हाती अशा किती गोष्टी उरतात? त्यांतील एक मी दोन इंचांसाठी काढून घेतली होती. रुबाब कोणाचा आणि किंमत कोणाची, हा प्रश्न मी गाडीखाली शिरताना स्वतःस विचारलाच नव्हता.

त्या रात्री कायदाही वाचला. तो आधी वाचावयास हवा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे निक्षून सांगितले आहे. ज्या नोंदणीची मी वर्षानुवर्षे काळजी वाहिली, तीच मी धोक्यात घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुवे उतरविले. जुने दुवे चढविताना पुतण्या थबकला. उजवीकडचे पाटे डावीकडच्यापेक्षा बरेच सपाट दिसत होते. ते सोडवून आम्ही कणकवलीस एका पाटेवाल्याकडे नेले. त्याने एक पाटा जमिनीवर उपडा ठेवला, त्याखालून बोट फिरविले आणि मान हलविली. तीस वर्षांच्या भाराने पाट्यांतील बाकच निघून गेला होता. गाडी मुळात ठेंगणी नव्हती, ती हळूहळू बसत गेली होती. इतकी हळू, की रोज पाहणाऱ्यास कळू नये. त्याने सगळ्या पाट्यांना पुन्हा बाक दिला, दोन मोडके बदलले, आणि यू-बोल्ट नवे घेऊन थोडे चालविल्यावर ते पुन्हा आवळण्यास बजावले. पाटे बसविल्यावर उंची मोजली: पुढे एक इंच, मागे दीड इंच वाढली होती. ही वाढ नव्हे. गाडीचे होते ते गाडीस परत मिळाले.

आईलाही ही दीड इंच जाणवेल की काय, अशी मला धास्ती होती. तिने चौकट धरली, पाय उचलला, आणि चढली. माणसाचा पाय जुनी पायरी विसरत नाही असे मला त्या क्षणी वाटले. पण तिने तेवढ्यात "मागसून उशी सरकय" असे फर्मावल्यामुळे तो विचार तिथेच राहिला.

राहिला तो धोंडा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या घरून पहार मागून आणली. पुतण्या आणि मी मिळून तो उपटून काढला, खड्ड्यात खडी-माती भरून चोपली. या कामास पाऊण तास लागला. गडग्यापाशी थांबलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे पाहून विचारले, "ह्याच पयला कित्या नाय केलास?"

त्यास आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. धोंडा आता मांगराच्या दाराशी आहे. आई त्याच्यावर बसून उन्हात कोकमे वाळत घालते.