खोकी सांगून ठेवली होती

बदलीचा हुकूम हातात पडला की अण्णा सायकल काढून आधी किराणा दुकानात जायचे. चार्ज द्यायचा बाकी असे, नव्या गावात क्वार्टर मिळणार की नाही याचा पत्ता नसे. पण खोकी तेवढी सांगून ठेवलेली बरी. एप्रिल-मेमध्ये बदल्या निघत आणि आमच्या धरणाच्या वसाहतीतली दहा-बारा बिऱ्हाडं एकदम हलत. किराण्याची दुकानं मात्र तीनच. कुणासाठी किती खोकी राखलीत, यावरून बायकांत थोडी धुसफूसही व्हायची.

पाटबंधारे खात्यातल्या माणसांची आम्ही मुलं. पाणी अडलं की माणसं पुढच्या धरणावर. जायकवाडीचं काम 1976 मध्ये उरकलं आणि आम्ही पैठणहून उजनीच्या भीमानगरला आलो, तिथून कोयनानगरला. तीन वर्षांनी बदली हा नेम कायद्याने लागू झाला तो 2006 साली. आमच्या घरातल्या खोक्यांना तो आधीपासूनच ठाऊक होता.

खोकी सगळी सारखी नसत, आणि हे ज्ञान आईकडे होतं. बिस्किटाचं खोकं दिसायला मोठं, पण पुठ्ठा पातळ; त्यात कपडे भरावेत. साबणाच्या खोक्यात डाळ-तांदूळ भरायचे नाहीत, महिनाभर वरणाला साबणाचा वास येतो. औषधाच्या दुकानातलं खणाखणांचं खोकं मिळालं तर ती लॉटरी, कारण त्यात कपबश्यांमधले कप जसेच्या तसे बसत. बशा मात्र उभ्या लावायच्या. आडव्या रचल्या की खड्ड्यात ट्रक आदळल्यावर खालच्या बशीवर सगळा भार येतो आणि ती तडकते. काचेचे पेले गव्हाच्या डब्यात पुरायचे. स्टीलची भांडी जुन्या धोतरात गुंडाळायची, वर्तमानपत्रात नाही. शाई लागली की राख लावून घासत बसावं लागे.

सगळ्यांत मान होता चहाच्या खोक्याला. बाजू प्लायवूडच्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या आणि बारीक चुका, बाजूवर मळ्याचं नाव आणि वजन छापलेलं. आत चंदेरी कागद. तो आम्ही अलगद सोलून घ्यायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनातले निम्मे मुकुट त्या कागदाचे असत, राम असो की रावण. पट्टीच्या कडेने बोट कापलं नाही असं एकही मूल वसाहतीत नसेल. आणि त्या खोक्यातून निघालेल्या गोधड्यांना पावसाळाभर चहाचा वास यायचा. अजून कुठे कोरी पत्ती उघडली की मला नव्या घरातली पहिली रात्र आठवते.

अशाच एका खोक्यात अण्णांनी एकदा आपली सगळी पुस्तकं आणि दिवाळी अंक भरले. गच्च, नीटनेटके, कण्यांवरची नावं एका दिशेला. चार हमाल आले तरी खोकं जागचं हलेना. आई काही बोलली नाही. तिने सगळं उपसलं, पुस्तकं पाच लहान खोक्यांत वाटली आणि मोठ्यात उशा कोंबल्या. एका हमालाने ते मग डोक्यावर घेतलं. त्यानंतर आमच्याकडे कुणी मोठं काम अंगावर घेतलं की आई विचारायची, “पुस्तकं आहेत की उशा?”

चिकटपट्टी असायची ती ऑफिसात. घरात सुतळी. पोत्यांची तोंडं दाभणाने शिवायची, खोक्याला सुतळीचे दोन आडवे-उभे फेरे आणि वर अण्णांची ती खास गाठ, ओढली की सुटणारी. सुतळी कापणाऱ्याची खैर नसे. पोचल्यावर आम्हा भावंडांना पहिलं काम तेच: गाठी सोडायच्या, गुंडा करायचा, खुंटीला टांगायचा. खोकी चपटी होऊन माळ्यावर जात. चहाचं मात्र चपटं होत नाही, त्यामुळे ते बैठकीच्या खोलीत उलटं पडे आणि विणलेलं कापड अंगावर घेऊन टेबल म्हणून मिरवे. त्यावर रेडिओ. पाहुण्यांना कळायचं, पण त्यांच्याही घरी तसंच होतं.

वाटेतल्या एका जकात नाक्यावर गंमत झाली. कारकुनाने ट्रकमध्ये डोकावून पाहिलं तर साबण, बिस्किटं, काडेपेट्या, चहा. “दुकान टाकताय का?” अण्णा बदलीचा हुकूम दाखवत होते, तो खोक्यांवरची अक्षरं वाचत होता. शेवटी आईने केबिनमधून उतरून स्वतः एक गाठ ओढली. बिस्किटाच्या खोक्यातून माझी फ्रॉकं, लहान भावाचे लंगोट आणि एक लाटणं बाहेर आलं. त्याने हाताने ‘जा, जा’ केलं. आई मात्र पुढचे दहा मैल त्याला उद्देशून बोलत होती.

एक खोकं सगळ्यांत शेवटी ट्रकमध्ये चढायचं, म्हणजे पहिल्यांदा उतरायचं. त्यात स्टोव्ह, पिना, काडेपेटी, दुधाचं पातेलं, साखर, मीठ, हळदकुंकू. रॉकेलची बाटली वेगळी, अण्णांच्या पायाशी. देव आणि लोणच्याची बरणी आईच्या मांडीवर. दोन्ही तिने कधी हमालाच्या हाती दिले नाहीत. नव्या दारात शिरल्यावर दूध उतू जाईपर्यंत दुसऱ्या खोक्याची गाठ सुटायची नाही. भुकेने आमचे प्राण कंठाशी येत, आणि त्या दुधाला वर यायला नेमका त्याच दिवशी उशीर.

गेल्या वर्षी मी पुण्यातच एका भागातून दुसऱ्या भागात घर हलवलं. पॅकर्सवाल्याने फोनवर तीन थरांची खोकी किती आणि पाच थरांची किती ते सांगितलं, बबल रॅपची गुंडाळी आणली, टेपने फर्रर्र आवाज करत चार तासांत घर बंद केलं. काम चोख, तक्रार नाही. बशाही त्यांनी उभ्याच लावल्या; खुर्चीवर बसून पाहणाऱ्या आईने मान डोलावली.

माळ्यावरून शेवटी चहाचं खोकं निघालं. पट्ट्या गंजलेल्या, बाजूला अण्णांच्या अक्षरात पैठण, खाली भीमानगर, त्याखाली कोयनानगर, आधीचं प्रत्येक नाव एका रेघेने खोडलेलं.

“मावशी, हे रिकामंच आहे. टाकून देऊ?” पोराने विचारलं.

“रिकामं कशाला नेतोस,” आई म्हणाली. “उशा भर त्यात.”